चिंच, कल्हई आणि तेजाब : आम्ल-आम्लारी कुठे थांबतं, रेडॉक्स कुठे सुरू होतं?

फळा_खडू

काळवंडलेला तांब्या चिंचेने घासला की उजळतो. ही अभिक्रिया आम्ल-आम्लारी प्रकारची की रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण एकत्र घडणारी?

अकरावीच्या वर्गात मी हा प्रश्न आवर्जून विचारते आणि बहुतेक हात रेडॉक्सच्या बाजूने वर होतात. कारण विचारलं की सांगतात, "ऑक्साइड निघून गेलं, म्हणजे ऑक्सिजन गेला, म्हणजे क्षपण झालं." उत्तर चुकीचं आहे. पण मुलांना दोष देता येत नाही. ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण, हे आपणच त्यांच्याकडून घोटून घेतलेलं असतं. अकरावीत त्याच शब्दांना इलेक्ट्रॉनचा अर्थ येतो (इलेक्ट्रॉन देणं म्हणजे ऑक्सिडीकरण, घेणं म्हणजे क्षपण) आणि जुना अर्थ मनातून जात नाही.

तांब्याकडे नीट पाहू. तो काळा पडतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन तांब्याच्या अणूंकडून इलेक्ट्रॉन घेतो. तांब्याचा ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन दिले-घेतले याचा हिशेबी आकडा, शून्यावरून +२ होतो, ऑक्सिजनचा शून्यावरून −२. हे निखळ रेडॉक्स. आता चिंच लावली. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, ते हायड्रोजन आयन, म्हणजेच प्रोटॉन, देतं.

कॉपर ऑक्साइड + आम्ल → तांब्याचा क्षार + पाणी

डावीकडे तांबं +२, उजवीकडेही +२. ऑक्सिजन आधी −२, पाण्यात गेल्यावरही −२. हायड्रोजन दोन्हीकडे +१. एकाही अणूचा नंबर हलला नाही. म्हणजे इलेक्ट्रॉन कुणीच दिला नाही, कुणीच घेतला नाही. ऑक्साइडने, म्हणजे आम्लारीने, आम्लाकडून प्रोटॉन घेतले, बस. हे उदासिनीकरण आहे.

आणि हेच खरं मोलाचं आहे. काळा थर चिंचेच्या पाण्यात विरघळून वाहून गेला, त्याचं पुन्हा तांबं झालं नाही. खालचं तांबं आधीपासूनच तिथे होतं, ते फक्त उघडं पडलं. क्षपण झालं असतं तर काळ्या थराचं तांबं भांड्यावरच राहिलं असतं. म्हणजे रेडॉक्स की आम्ल-आम्लारी हा पेपरात दोन गुण मिळवण्यापुरता भेद नाही, भांड्याचं काय होतं ते त्यावर ठरतं.

उलट उदाहरण. जस्ताच्या तुकड्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की हायड्रोजनचे बुडबुडे येतात. समोर आम्ल दिसतं म्हणून मुलं आम्ल-आम्लारी लिहितात. पण जस्त शून्यावरून +२ वर गेलं, हायड्रोजन +१ वरून शून्यावर आला. दोन इलेक्ट्रॉन जस्ताने दिले, ते दोन हायड्रोजन आयनांनी घेतले. हे रेडॉक्स आहे आणि इथे ऑक्सिजनचा पत्ताही नाही.

म्हणून मी वर्गात एकच सवय लावते. समीकरणात आम्ल दिसतंय का, ऑक्सिजन दिसतोय का, गरम होतंय का, याकडे आधी बघायचंच नाही. प्रत्येक अणूवर बाणाच्या आधीचा आणि नंतरचा नंबर लिहायचा. मोकळ्या मूलद्रव्याला शून्य, ऑक्सिजनला बहुतेक वेळा −२, हायड्रोजनला बहुतेक वेळा +१, आणि सगळ्यांची बेरीज त्या कणावरच्या प्रभाराइतकी. नंबर हलला तर रेडॉक्स. हलला नाही तर पुढचा प्रश्न : प्रोटॉन इकडून तिकडे गेला का?

तुमच्या घरातली, धंद्यातली उदाहरणं असतील तर इथे लिहा. ती एकेक करून सोडवू.

---

परसातली_जास्वंद

छान धागा. एक शंका. चिंच तांब्याला धक्का लावत नाही म्हणता, तर मग कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं कसं? आमच्याकडे आंबट आमटीसुद्धा कल्हई असल्याशिवाय पितळेच्या पातेल्यात कधी करू देत नसत.

---

फळा_खडू

ताई, फार योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. नुसतं आम्ल शुद्ध तांब्याला हात लावू शकत नाही, कारण अभिक्रियाशीलता श्रेणीत (धातू किती सहज इलेक्ट्रॉन देतात त्या क्रमाने लावलेल्या यादीत) तांबं हायड्रोजनच्या खाली आहे. हायड्रोजन आयन तांब्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेऊ शकत नाहीत. जस्त वर आहे, म्हणून ते देऊन मोकळं होतं.

पण ताक उघड्यावर असतं आणि हवेतला ऑक्सिजन त्यात विरघळलेला असतो. तो इलेक्ट्रॉन ओढू शकतो.

तांबं + ऑक्सिजन + आम्लातले हायड्रोजन आयन → तांब्याचे आयन + पाणी

इलेक्ट्रॉन घेतो ऑक्सिजन. आम्ल फक्त तयार होणारं ऑक्साइड लगेच विरघळवत राहतं, त्यामुळे ताजं तांबं पुन्हा पुन्हा उघडं पडतं. दोघं मिळून जे करतात ते एकट्याला जमत नाही. चिंचेने घासायला दोन मिनिटं लागतात आणि मग आपण भांडं धुऊन टाकतो, तेवढ्यात हे फारसं घडत नाही. ताक रात्रभर राहिलं की घडतं. तांब्याचे आयन ताकात उतरतात, चव बिघडते, आणि प्रमाण वाढलं तर मळमळ, उलट्या होतात. तुमच्या घरची शिस्त बरोबर होती.

---

भाता_आणि_कथिल

आमच्या आजोबांचा कल्हईचा धंदा. खड्डा, कोळसा, भाता आणि समोर भांड्यांची रांग, हे लहानपणी रोज पाहिलंय. पद्धत अशी : भांडं आधी घासून स्वच्छ, मग भट्टीवर चांगलं तापवायचं, त्यात नवसागराची पूड टाकायची, कथिलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने झपाझप पसरवायचं. नवसागर पडला की पांढरा धूर आणि नाकात झोंबणारा वास. नवसागर नसेल तर कथिल धरत नाही, गोळा होऊन घरंगळतं. हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं, कारण मात्र कुणी सांगितलं नाही. कुणी समजावेल का?

---

फळा_खडू

दादा, तुमच्या आजोबांच्या त्या एका क्रियेत माझा अख्खा धडा आहे. सावकाश लिहिते.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. सुमारे ३४० अंश सेल्सियसला ते फुटतं आणि अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू सुटतात. नाकाला झोंबतो तो मुख्यतः अमोनिया. इथे अमोनियम आयनाने आपला प्रोटॉन क्लोराइडला दिला. नंबर कुणाचा बदलला नाही. आम्ल-आम्लारी.

वर गार हवेत हे दोन वायू पुन्हा भेटतात आणि त्यांचा परत नवसागर होतो. तोच पांढरा धूर. म्हणजे तो धूर नसून नवसागराचे अगदी बारीक कण आहेत. ही प्रोटॉन परत घेण्याची क्रिया, पुन्हा आम्ल-आम्लारी. या दोन्ही क्रियांमध्ये पाण्याची गरजच नाही, हायड्रॉक्साइड आयन तर कुठेच नाही. आऱ्हेनियसच्या व्याख्येत (१८८४ चा त्याचा प्रबंध) आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन देणारं आणि आम्लारी म्हणजे पाण्यात हायड्रॉक्साइड देणारं. कल्हईचा धूर त्या व्याख्येत बसत नाही. १९२३ मध्ये डेन्मार्कच्या ब्रॉन्स्टेडने आणि इंग्लंडच्या लोरीने स्वतंत्रपणे सांगितलं की प्रोटॉन देतो तो आम्ल, घेतो तो आम्लारी, पाणी असो वा नसो. मग बसतो.

आता भांड्याचा पृष्ठभाग. तापलेल्या तांब्यावर क्षणात ऑक्साइड चढतं आणि वितळलेलं कथिल ऑक्साइडला चिकटत नाही, धातूलाच चिकटतं. म्हणून गोळा होऊन घरंगळतं. नवसागर ते ऑक्साइड दोन वाटांनी काढतो. पहिली वाट चिंचेचीच :

कॉपर ऑक्साइड + हायड्रोजन क्लोराइड → कॉपर क्लोराइड + पाणी

दुसरी वाट वेगळी आहे :

४ कॉपर ऑक्साइड + २ अमोनियम क्लोराइड → ३ तांबं + कॉपर क्लोराइड + नायट्रोजन + ४ पाणी

इथे नंबर लिहा. नायट्रोजन −३ वरून शून्यावर गेला. दोन अणू, प्रत्येकी तीन, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन दिले. तांब्याचे चार अणू आहेत. त्यांपैकी तीन +२ वरून शून्यावर आले, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन घेतले. चौथा +२ वरच राहिला आणि क्लोराइडबरोबर गेला. जमाखर्च जुळला. एकाच समीकरणात तीन अणूंचं क्षपण आणि चौथ्याचा आम्ल-आम्लारीचा मार्ग. आणि इथे मात्र काळ्या थराचं खरोखर तांबं होतं, जे चिंच कधीच करू शकत नाही.

शेवटी कथिल. ते २३२ अंशांना वितळतं, म्हणजे तापल्या भांड्यात लगेच पातळ होतं आणि स्वच्छ तांब्याला धरतं.

---

एक_चिकित्सक

उत्तम. पण कथिल श्रेणीत हायड्रोजनच्या वर आहे ना? मग आंबट आमटीत तांब्याआधी कथिलच विरघळायला हवं. कल्हईने मग काय साधलं?

---

फळा_खडू

कागदावर तसंच दिसतं. प्रमाण विभव (ते जितकं कमी तितका धातू सहज इलेक्ट्रॉन देतो, हायड्रोजनचं शून्य) पाहिलं तर तांब्याचं +०.३४ व्होल्ट, कथिलाचं −०.१४, जस्ताचं −०.७६. म्हणजे कथिल हायड्रोजनच्या वर आहे, पण जेमतेम. शिवाय त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर असतो आणि त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सुटायला फार सावकाश सुटतो. घडू शकतं आणि झपाट्याने घडतं यांत मोठं अंतर आहे. श्रेणी पहिल्याबद्दल बोलते, वेगाबद्दल नाही. कल्हई झिजतेच, म्हणून पुन्हा करावी लागते. पण कथिल असं थोडं थोडं पोटात गेलं तर तांब्याइतका त्रास देत नाही आणि चवही बिघडवत नाही.

---

दहावीची_आई

ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही की लाल ठिपके दिसतात. मुलीने विचारलं, हळदीचं ऑक्सिडीकरण झालं का?

---

निळा_लिटमस

नाही. हळद स्वतः दर्शक आहे. आम्लात पिवळी, आम्लारीत लाल. सोड्याचा खडा राहिला तिथे गरम होऊन त्याचा धुण्याचा सोडा होतो, तो जास्त आम्लारीधर्मी, म्हणून तिथली हळद लाल झाली. त्या ठिपक्यावर लिंबू पिळलं तर पुन्हा पिवळी होईल. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही हेच. मुलीला सांगा, रंग बदलला म्हणजे रेडॉक्स असं नाही. गरम झालं म्हणजेही नाही. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की केवढी वाफ उसळते, पण कॅल्शियम आधी +२, नंतरही +२.

---

विट्याकडचा

उशिरा आलो. आम्ही गलाईवाले. खानापूर, आटपाडी भागातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मी शाळा फार शिकलो नाही, पण तेजाब रोजचं. आमचं काम लिहितो, यातलं कुठलं कशात बसतं ते बाईंनी सांगावं.

१. भेसळीच्या सोन्यात चांदी घालून वितळवतो, सोनं एक तर चांदी तीन. नाहीतर तेजाब आत शिरत नाही.
२. त्याचे पातळ तुकडे शोऱ्याच्या तेजाबात उकळतो. लालसर धूर निघतो. चांदी आणि तांबं तेजाबात जातं, सोनं तपकिरी भुकटीसारखं खाली राहतं.
३. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी तिच्यावर जमते, पाणी निळं होतं.
४. काहीजण तांब्याऐवजी मीठ घालतात. मग पांढरं दह्यासारखं बसतं. ते जस्त घालून पुन्हा चांदी करतात.

---

फळा_खडू

तुमचं काम वाचून मला खरंच आनंद झाला. प्रयोगवहीत आम्ही जे चार वेगळ्या पानांवर करून घेतो ते तुमच्याकडे एका रांगेत होतं.

पहिली पायरी नुसतं मिश्रण, रासायनिक अभिक्रिया नाही. चांदी वाढवली नाही तर सोन्याचे अणू बाकीच्यांना चारी बाजूंनी झाकून ठेवतात आणि तेजाब आत पोचत नाही.

दुसरी पायरी सगळ्यात सुंदर. शोऱ्याचं तेजाब म्हणजे नायट्रिक आम्ल. तांब्यासाठी समीकरण लिहिते :

३ तांबं + ८ नायट्रिक आम्ल → ३ कॉपर नायट्रेट + २ नायट्रिक ऑक्साइड + ४ पाणी

नायट्रोजनचा नंबर आम्लात +५. उजवीकडे कॉपर नायट्रेटमध्येही +५, पण नायट्रिक ऑक्साइडमध्ये +२. म्हणजे आठांपैकी दोन रेणूंनी ऑक्सिडक म्हणून तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतले, उरलेल्या सहांनी फक्त आम्लाचं काम केलं, क्षार आणि पाणी तयार करून दिलं. एकाच बाटलीतलं एकच रसायन, दोन कामं. चांदीच्या बाबतीत चार रेणूंपैकी एक ऑक्सिडक, तीन आम्ल. तांबं हायड्रोजनच्या खाली असूनही इथे विरघळतं, कारण इलेक्ट्रॉन घेणारा हायड्रोजन आयन नाही, नायट्रेट आहे. सोनं नायट्रेटलाही इलेक्ट्रॉन देत नाही, म्हणून खाली उरतं.

लालसर धूर हा नायट्रोजन डायऑक्साइडचा. तेजाब जहाल असेल तर तो सरळ निघतो, पातळ असेल तर आधी रंगहीन नायट्रिक ऑक्साइड निघतो आणि हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून लाल होतो. तेही रेडॉक्स.

तिसरी पायरी विस्थापन. तांबं दोन इलेक्ट्रॉन देतं, चांदीचे दोन आयन एकेक घेतात. रेडॉक्स. निळा रंग तांब्याच्या आयनांचा.

चौथ्या पायरीत मीठ घातल्यावर बसतं ते सिल्व्हर क्लोराइड. चांदी आधी +१, नंतरही +१. प्रोटॉनही कुठे गेला नाही. म्हणजे हे रेडॉक्स नाही आणि आम्ल-आम्लारीही नाही, नुसतं आयन एकत्र येऊन खाली बसणं. अवक्षेपण म्हणतात. नंतर जस्त घातलं की पुन्हा रेडॉक्स.

विद्यार्थ्यांनो, हे वाचत असाल तर या चार पायऱ्या वहीत उतरवून स्वतः नंबर घाला.

---

एक_चिकित्सक

एक भर. बाईंनी वर लिहिलंय की नंबर हलला नाही तर प्रोटॉन पाहायचा. पण नंबर हलला तरीही प्रोटॉन पाहावा. सोडियम हायड्राइड पाण्यात टाकलं तर सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन वायू होतो. हायड्राइडमधला हायड्रोजन −१, पाण्यातला +१, वायूत दोघं शून्य. रेडॉक्स आहेच. पण हायड्राइड आयनाने पाण्याकडून प्रोटॉन घेतला हेही तितकंच खरं, म्हणजे ब्रॉन्स्टेडच्या अर्थाने आम्ल-आम्लारीही. इथे दोन पायऱ्या सुद्धा नाहीत. एकच घटना, दोन्ही नावं लागू.

---

फळा_खडू

मान्य, आणि हे लिहिल्याबद्दल आभार. अकरावीत मी हे दुसऱ्या सत्रात सांगते, तोवर पहिलं अंगवळणी पडलेलं असतं. लुइसची व्याख्याही १९२३ चीच. त्यात आम्ल म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी स्वीकारणारं. तिथे तर मुलं विचारतातच, "मॅडम, इलेक्ट्रॉन घेतले म्हणजे क्षपण ना?" नाही, तिथे जोडी भागीदारीत येते, नंबर हलत नाही. चुनकळी आणि कार्बन डायऑक्साइड मिळून चुनखडी होते तेव्हा ऑक्साइड आयन आपली इलेक्ट्रॉनची जोडी कार्बनसमोर धरतो. कॅल्शियम, कार्बन, ऑक्सिजन, तिघांचे नंबर जिथल्या तिथे.

---

परसातली_जास्वंद

घरातली एक गोष्ट इथे विचारते, कारण घाबरले होते. संडास साफ करायचं ॲसिड आणि टीसीएल पावडर एकत्र टाकल्यावर खोकल्याची उबळ आली, डोळे झोंबले. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की एकमेकांना मारतात ना?

---

फळा_खडू

ताई, हे पुन्हा कधीही करू नका आणि घरात सगळ्यांना सांगा. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यात क्लोरीन +१ असलेला हायपोक्लोराइट आहे. ॲसिडमधला क्लोराइड −१. दोघं आम्लात भेटले की दोन्ही शून्यावर येतात, म्हणजे क्लोरीन वायू. उदासिनीकरण वाटतं, पण आत रेडॉक्स होतं आणि बाहेर येतो तो विषारी वायू. बाटलीतल्या ब्लीचबरोबरही हेच होतं. वास आला तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, दारं-खिडक्या उघडता आल्या तर उघडा, वर आणखी काहीही ओतू नका. श्वास घ्यायला त्रास राहिला तर डॉक्टरकडे जा.

विट्याच्या दादांनाही हेच सांगायचं आहे. तुमचा लाल धूर त्या वेळी फार झोंबला नाही म्हणून सोडून देऊ नका. नायट्रोजन डायऑक्साइडचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनीही दिसतो, फुप्फुसात पाणी भरू शकतं. धूर ओढून घेणारा पंखा आणि चिमणी हवीच.

---

विट्याकडचा

चिमणी बसवली आहे, पण पोरं कंटाळा करतात, उद्याच त्यांना हे वाचून दाखवतो. बाई, चांदी काढून झाल्यावर जे निळं पाणी उरतं त्याचं काय करावं? गटारात सोडायचं मन होत नाही.

---

फळा_खडू

सोडू नकाच. त्यात तांब्याचे आयन आणि उरलेलं आम्ल असतं, पाण्यातल्या जिवांना तांबं फार बाधतं. आधी लोखंडाचे तुकडे टाकून ठेवा, पण उघड्यावर आणि पंखा चालू ठेवून, कारण उरलेलं तेजाब लोखंडाशी मिळूनही लाल धूर सोडतं. लोखंड श्रेणीत तांब्याच्या वर आहे, ते इलेक्ट्रॉन देईल आणि तांबं लालसर गाळ होऊन बसेल, तो विकला जातो. रेडॉक्स. मग वरच्या पाण्यात चुन्याची निवळी थोडी थोडी घालत ढवळा. आम्ल मरेल आणि विरघळलेलं लोखंड, उरलंसुरलं तांबं हायड्रॉक्साइड होऊन खाली बसेल. लिटमस निळा झाला की थांबा. तो गाळ वेगळा साठवा आणि पाणी असो वा गाळ, विल्हेवाट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमाप्रमाणेच करा. चुना एकदम ओतू नका, फार तापतं आणि उडतं. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे असू द्या.